मलावीत स्वयंसेवक आहे, चार-पाच दिवस निवांत कुठे जाऊ?

कोरेगावची_पोर

नमस्कार मंडळी,

मी फिजिओथेरपिस्ट, गाव कोरेगाव, जिल्हा सातारा. गेल्या सप्टेंबरपासून आफ्रिकेत, मलावीत आहे. सलीमाच्या बाजूला एका सरकारी रुग्णालयात स्वयंसेवक म्हणून काम करते. पगार नाही, भत्ता मिळतो. त्यात घरभाडं आणि जेवणखाण नीट भागतं, शिल्लक म्हणाल तर नावापुरती.

काम आवडतंय, तक्रार अजिबात नाही. पण हल्ली सकाळी उठायचंच जिवावर येतं. मंगळवारी आमची क्लबफूटची ओपीडी असते, म्हणजे जन्मतः पाय आत वळलेली बाळं. आया चितेंजेत (इथलं रंगीत कापड, कमरेला गुंडाळतात आणि त्यातच मूल पाठीशी बांधतात) बाळ घेऊन अंधारातच घरून निघतात. कुणी सायकल-टॅक्सीने येते, कुणी चालत. दर आठवड्याला जुनं प्लास्टर भिजवून काढायचं, पाय थोडा बाहेर आणायचा, नवं घालायचं. असं पाच-सहा वेळा. मधला एखादा आठवडा चुकला की पाय परत आत वळायला लागतो. बाकीचे दिवस सेरेब्रल मलेरियातून वाचलेली पण हातपाय आखडलेली मुलं, अर्धांगाचे पेशंट, सायकलवरून पडलेले. सोबत एक स्थानिक रिहॅब टेक्निशियन आहे. हाताला चांगला आहे, पण प्लास्टर घालताना अजून दर मिनिटाला माझ्या तोंडाकडे बघतो.

रजा साठली आहे. 6 जुलैला इथला स्वातंत्र्यदिन, त्याला जोडून घेता येईल. पण ठरत नाहीये.

इथले युरोपियन स्वयंसेवक सगळे मिळून मलावी तळ्याकाठच्या केप मॅक्लिअरला चाललेत, भाड्याची पिकअप करून. मलाही बोलावलंय. माणसं चांगली आहेत, पण पहाटेपर्यंत गाणी, बीअर आणि सकाळी परत कामाच्याच गप्पा. आई म्हणते, रजा आहे तर घरी ये. मुंबईचं तिकीट आदिस अबाबामार्गे, त्याचा आकडा बघून फोन खाली ठेवला. आणि खरं सांगायचं तर त्या मंगळवारच्या आयांचे चेहरे डोळ्यांसमोर येतात. त्या एवढ्या लांबून यायच्या आणि मी कुठेतरी आरामखुर्चीत?

एकटी जाणार. शाकाहारी, अंडं चालतं. बजेट बेताचं. कुणी या भागात राहून आलेलं असेल तर सांगा.

---

मांडवीकाठचा

वा, मलावी! मी उत्तरेकडे एमझुझूला एका शाळेत कॉम्प्युटर शिकवायला होतो. डोळे मिटून न्खाता बेला जा. एमझुझूपासून पन्नासेक किलोमीटर. खडकाळ किनारा, स्वच्छ पाणी, आणि खाली रंगीत मासे, इतके की मोजायचं सोडून द्यावं. हे सिक्लिड मासे, त्यातले बहुतेक प्रकार या मलावी तळ्याबाहेर जगात कुठे नाहीत.

अजून दोन दिवस असतील तर लिकोमा बेट. देश मलावी, पण भोवतालचं पाणी मोझांबिकचं. एवढ्याशा बेटावर 1903 ते 1911 मध्ये बांधलेलं प्रचंड कॅथेड्रल आहे. 'इलाला' नावाची 1951 पासूनची जुनी बोट चालू असेल तर तिनेच जा. मी डेकवर चटई टाकून झोपलो होतो, बाजूला कोंबड्या आणि मक्याची पोती. असा प्रवास पुन्हा नाही.

---

स्पष्टवक्ता_७७

मला एक कळत नाही. सेवा करायला गेलात ना? मग रजा, आराम, बीच हे कुठून आलं? आमच्या वेळी सेवा करणारी माणसं असले प्रश्न विचारत नव्हती.

---

जुबाचा_नांदेडकर

@स्पष्टवक्ता, शांत व्हा राव.

मी दक्षिण सुदानमध्ये जुबाला संयुक्त राष्ट्रांचा स्वयंसेवक आहे. काम सामानसुमान पोहोचवण्याचं. आमच्याकडे अवघड ठिकाणी असलेल्या लोकांना ठराविक आठवड्यांनी विश्रांतीची रजा देतात. पाच कामाचे दिवस, प्रवासाचा वेळ वेगळा. वर्षाची रजा असते ती निराळीच. हे कुणाचे लाड नाहीत. माणूस थकला की जनरेटरच्या डिझेलचा हिशोब चुकतो, गाडी चुकीच्या रस्त्याने जाते, विनाकारण भांडणं होतात. हा अनुभव घेऊनच त्यांनी तो नियम केला.

मी विमानाने एन्टेबेला जातो, तासाभरात युगांडा. तिथे व्हिक्टोरिया सरोवराकाठी 1898 चं वनस्पती उद्यान आहे. झाडांवर काळी-पांढरी लांब केसांची कोलोबस माकडं असतात. झाडाखाली पेपर घेऊन बसतो आणि पेपर वाचत नाही. कधी नाकिविगोहून फेरीने सेसे बेटांवर. बस.

ताई, तुमच्या संस्थेने रजा दिली आहे ती वापरायलाच दिली आहे. मलावीतली ठिकाणं मला ठाऊक नाहीत, ते जाणकारांनी सांगावं.

---

मिरजेच्या_सिस्टर

अगं पोरी, तुला तू म्हणते, वयाने आजी शोभेन. मिरजेत नर्सिंगची ट्यूटर होते. रिटायर झाल्यावर मलावीच्या दक्षिण भागात नर्सिंग शिकवायला गेले होते. पोरं म्हणाली, आई आता घरी बस. म्हटलं, बसायला आहेच की पुढं सगळं आयुष्य.

आधी तुझ्या मंगळवारचं बोलते, कारण तुझा पाय तिथंच अडकलाय.

तू तिथं प्लास्टर घालायला गेलीयस का घालायला शिकवायला? तुझा करार संपला की तो टेक्निशियन कुणाच्या तोंडाकडं बघणार? तुझी रजा हीच त्याची परीक्षा. माझ्या विद्यार्थिनी मी वॉर्डात उभी असले की सलाइन लावताना थरथरायच्या आणि मी चहाला गेले की बिनचूक लावायच्या. मग मी मुद्दाम चहाला जायला लागले. आता जायच्या आधीचे दोन मंगळवार तू नुसती स्टुलावर बस, हात मागं बांधून. त्याला घालू दे. तिसऱ्या मंगळवारी तू नसलीस तरी आयांना फरक पडायचा नाही. आणि एक बजावून सांगते, प्लास्टरचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठव असं त्याला म्हणू नकोस. म्हटलंस की संपली रजा.

आता कुठं जायचं. तळ्यावर जाऊ नकोस. मांडवीकाठच्या भाऊंनी छान लिहिलंय, पण ते पंचविशीतल्या मुलांचं हो. तू राहतेसच तळ्यापासून हाकेच्या अंतरावर. तुझे निम्मे पेशंट कोळी असणार. केप मॅक्लिअरला किनाऱ्यावरच चेंबे गाव वसलंय. बायका तिथंच भांडी घासतात, कपडे धुतात, सोबत पोरं. तू आरामखुर्चीत बसलीस तरी तुझी नजर पुस्तकात राहायची नाही. कुणाचं पोर टाचा टेकत नाही, कोण लंगडतंय, हेच बघत बसशील. मी बसले होते. शिवाय दर पाच मिनिटांनी एखादा मुलगा येणार, मॅडम बोट, मॅडम मासे भाजून देऊ, मॅडम माळ. गोड असतात, पोटासाठी करतात, पण त्यांना दिवसभर नको म्हणणं हे पण कामच आहे.

आणि जुलैत म्वेरा वारा सुटतो, दक्षिणेकडून. तळं समुद्रासारखं उसळतं. त्या दिवसांत इलालाच्या डेकवर चटई टाकून झोपायचं म्हणजे निम्मा वेळ कठड्याला धरून ओकायचं. बिलहार्झिया (तळ्याच्या पाण्यातून अंगात शिरणाऱ्या कृमीचा आजार) तर तुला माहीतच आहे, पण तुझ्या त्या मित्रमंडळींना सांग, पोहून आल्या आल्या प्राझिक्वांटेल घेऊन उपयोग नाही. ते औषध वाढ झालेल्या कृमीला मारतं, पिल्लांना नाही. सहा-आठ आठवडे थांबून घ्यायचं. मलेरिया होऊ नये म्हणून कुणी डॉक्सीच्या (डॉक्सिसायक्लिन) गोळ्या घेत असेल तर उन्हात अंग भाजतं, तेही सांग.

अगं, तळ्याकाठी विसावायचं हे पहिल्यांदा स्कॉटिश मिशनऱ्यांना सुचलं. 1875 ला केप मॅक्लिअरला मिशन मांडलं. मलेरियानं माणसं गेली, कबरी आहेत तिथं अजून. 1881 ला उत्तरेला बंदावेला हलले, तिथं पण तेच. शेवटी 1894 ला डोंगरावर खोंडोवेला गेले तेव्हा कुठं जीव राहिले. त्यांना वीस वर्षं लागली, तू पहिल्या फटक्यात डोंगरावर जा.

झोंबाला जा.

सलीमाहून मिनीबसनं तळ्याकाठच्या रस्त्यानं बलाका, तिथून लिवोंडे, मग झोंबा. मिनीबस भरल्याशिवाय हलत नाही हे काय तुला सांगायला नको. सकाळी लवकर निघ, अंधार पडायच्या आत पोच. लिवोंडेला शिरे नदीच्या बांधापाशी चांबो मासे घेऊन माणसं खिडकीत शिरतील, तू शाकाहारी, नाक दाबून बस.

झोंबा हे 1975 पर्यंत राजधानीचं गाव. इंग्रजांनी डोंगराच्या अंगावर वसवलेलं, जुने बंगले, मोठमोठी झाडं, आता विद्यापीठ. राजधानी लिलाँग्वेला गेली आणि गावाला शांतता मिळाली. पाठीमागं भिंतीसारखा डोंगर, वर सपाटी, अठराशे मीटरच्या आसपास. सूचिपर्णीची लागवड, ओढे, धबधबे, मुलुंगुझीचं धरण. वर एक मोठं महागडं हॉटेल आहे, तिथं फक्त चहा पी, गच्चीवरून सगळी दरी दिसते. राहायला खाली गावात साध्या लॉज आहेत, वर फॉरेस्टच्या बाजूला पण सोय असते. मी गावात राहायचे आणि सकाळी टॅक्सीनं वर जायचे. घाटाच्या रस्त्यावर पोरं स्ट्रॉबेरी, रसभरी, ग्रॅनाडिला आणि चकाकणारे गारगोटीचे दगड विकत उभी असतात. पहिल्यांदा गेले तेव्हा मला महाबळेश्वरच वाटलं, फक्त मक्याचं कणीस आणि घोडेवाले नाहीत. फळं घे, दगड घेऊ नकोस, बॅगेत उगाच वजन.

वर रानात एकटीनं शिरायचं नाही. पायथ्याला किंवा वर ओळखपत्रवाले गाइड मिळतात, त्यांच्यातला एखादा वयस्कर बघून घे. तरुण गाइड बोलून बोलून जीव घेतात.

खाण्याची चिंता करू नकोस. कुठल्याही साध्या खाणावळीत न्सिमा (मक्याच्या पिठाचा शिजवलेला घट्ट गोळा) आणि बीन्स मिळतात. भोपळ्याच्या पाल्याची शेंगदाण्याचं कूट घातलेली भाजी आहे का विचार, न्खवानी म्हणून. ती गरम गरम मिळाली तर मला पण आठव.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तिथं कुणाला तू फिजिओथेरपिस्ट आहेस हे सांगू नकोस. मी एकदा लॉजच्या स्वयंपाकिणीला सांगितलं, मी सिस्टर आहे. संध्याकाळी तिची मावशी आली, बीपीच्या गोळ्यांची पुडी घेऊन. दुसऱ्या दिवशी वॉचमनचा भाऊ, पायाची जखम उघडी करून. जखम बघून नाही कशी म्हणणार? दोन दिवस ड्रेसिंग केलं आणि परत आले. पुढच्या खेपेपासून मी अकाउंटंट. अकाउंटंटला कोण काही विचारत नाही. तू पण अकाउंटंट हो.

फोनमध्ये दोन सिम असतील, एअरटेल आणि टीएनएम. कामाचा नंबर ज्यात आहे ते काढून घरी ठेव. आईला दुसरा नंबर दे.

---

मांडवीकाठचा

सिस्टर, वाऱ्याचं मान्य, जुलैत तळं खवळतं. बाकी पंचविशी उलटून बरीच वर्षं झाली, तरी धन्यवाद.

पण खोटं सांगायचं हे पटलं नाही. ते लोक आपल्याला घरात घेतात, जेवायला घालतात. मी शिक्षक आहे हे सांगायचो तर लोक मुलांची वही घेऊन यायचे. दहा मिनिटं बघितलं तर काय बिघडतं? मला उलट त्याच गप्पांमधून ओळखी झाल्या.

---

मिरजेच्या_सिस्टर

भाऊ, वही दहा मिनिटांत मिटते. जखम मिटत नाही. उद्या परत यावं लागतं, परवा परत, आणि तिसऱ्या दिवशी आपण निघालो की ती माणसं लॉजच्या दारात वाट बघत बसतात. अर्धवट उपचार करून पळण्यापेक्षा जवळचं हेल्थ सेंटर कुठं आहे ते सांगावं आणि गप्प बसावं. ते अकाउंटंट सुद्धा सांगू शकतो.

अर्थात समोर कुणी पडलं, रक्त वाहतंय, तर तेव्हा काय आपण हिशोब तपासत बसणार नाही. पोरीला तेवढं कळतं.

---

जुबाचा_नांदेडकर

सिस्टर, तुमच्या अकाउंटंटला जुबात नोकरी मिळेल. मी तिकडे सांगतो की मी गोदामात असतो, तर लोक विचारतात गोदामात काय काय आहे.

---

कोरेगावची_पोर

सिस्टर, काकू म्हणू ना? तुमचं उत्तर जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि एकटीच हसत बसले, टेक्निशियनला वाटलं घरून काही आनंदाची बातमी आली.

स्टुलावर बसायचं आजपासूनच सुरू केलं. सोपं नाही हो. त्याने गुडघ्यापाशी प्लास्टर जरा सैल सोडलं तेव्हा माझे हात आपोआप पुढे गेले. मागे घेतले. त्याने स्वतःच बोट घालून बघितलं, काढलं, परत घातलं. दुसऱ्या बाळाला बरोबर जमलं. रजेच्या मंगळवारी कोण कोण येणार त्याची यादी रजिस्टरात केली आहे, प्रत्येक बाळाचा पिरानी स्कोअर समोर लिहून. त्यामुळे पाय किती सुधारला हे त्याला आकड्यात दिसेल, मला विचारायला नको. टेनोटॉमीला (टाचेमागचा कंडरा कापायची छोटी शस्त्रक्रिया) दोन बाळं आहेत, त्यांना पुढच्या आठवड्याची तारीख दिली. त्या सर्जनच्या हातात आहेत, माझ्या नाहीत.

बाकी ग्रुपला नाही म्हणून सांगितलं. त्यांना वाटलं मी रागावले. म्हटलं, नाही, मला झोपायचंय. एक डच मुलगी बाजूला घेऊन म्हणाली, मलाही झोपायचंय, पण मी पैसे भरून बसले.

दोन शंका. एक, झोंबाला जुलैत थंडी किती? इथे आमच्याकडे दुपारी अजून पंखा लागतो, स्वेटर आणलेलाच नाही. दुसरी, 2023 च्या मार्चमध्ये फ्रेडी वादळाने तिकडचे रस्ते वाहून गेले होते ना? आता वर जाता येतं का?

आणि मांडवीकाठचे दादा, इलाला माझ्या यादीत आहे. म्वेरा थांबला की ऑक्टोबरात बघू. पहिल्या पावसाच्या आधी.

---

मांडवीकाठचा

ऑक्टोबरला भट्टी असते, पण पाणी आरशासारखं. बोट चालू आहे का ते मंकी बे बंदराला फोन करूनच बघा, बरेचदा दुरुस्तीला असते. डेकचं तिकीट घ्या आणि स्वतःची चटई न्या.

दुसरं एक. कुणी म्हणेल चला सीमेपलीकडे झांबियात लुआंग्वाला, म्चिंजीवरून चिपाटा, एका रात्रीत हत्ती बघून येऊ. युरोपियन पासपोर्टवाले सहज म्हणतात. तुम्ही मात्र तुमचा मलावीचा परवाना परत आत घेणारा आहे का आणि आपल्या पासपोर्टवर पलीकडे काय लागतं, हे आधी लिहून विचारा. सीमेवर कळण्यात मजा नाही.

---

मिरजेच्या_सिस्टर

काकू म्हण की, सिस्टर काय, मोठी बहीण झाले उगाच.

थंडी आहे. वर जून-जुलैत सकाळी दात वाजतात, आणि चिपेरोनी म्हणून एक बारीक पाऊस येतो, दोन-दोन दिवस धुकं हटत नाही. त्यात अडकलीस तर वाईट वाटून घेऊ नकोस. खाली गावात ये, बाजारात फिर. झोंबाचा बाजार मोठा आहे, भाजी, कापड, जुने कपडे. स्वेटर तिथंच घे. युरोपातल्या कुणाचा तरी जुना, चांगल्या लोकरीचा, ढिगातून निवडून काढायचा. मी घेतलेला अजून घालते.

फ्रेडीनंतरचं मला आता कुणाच्या भरवशावर सांगायचं नाही. पुण्यात बसून रस्त्यांची खात्री देणारी मी नव्हे. लॉज ठरवताना विचार, वर गाडी कुठल्या वाटेनं जाते आणि पावसात जाते का. ते खरं सांगतात, त्यांना गिऱ्हाईक खाली उतरायला हवं असतं.

पैसे रोख ने, पाच हजार क्वाचाच्या (तिथलं चलन) नोटा कमी आणि सुटे जास्त. फळवाल्या पोराकडं पाच हजाराचे सुटे नसतात, मग तो शोधत फिरतो आणि तू घाटात उभी.

डच पोरीला पण घेऊन जा हवं तर. पैसे बुडाले तर बुडू दे. खोल्या मात्र वेगळ्या घ्या.

---

स्पष्टवक्ता_७७

ते स्टुलावर बसायचं बरं आहे. आमच्या हेडमास्तरांनी ते कधी केलं नाही.